बरणीतील खाचर : शाळेच्या विज्ञान प्रकल्पातून खताचा हिशेब



दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या की विज्ञान प्रदर्शनाची धांदल सुरू होते. मुले घरी येऊन "प्रकल्प करायचा आहे" असे सांगतात. मग आपण बाजारातून पुठ्ठा, रंग, प्लास्टिकची झाडे आणि छोटी जनावरे आणून देतो. दोन दिवसांत 'परिसंस्था' तयार होते. ती दिसते छान, पण तिच्यात काहीच घडत नाही. झाड वाढत नाही, पाणी आटत नाही, चूक केली तर काही बिघडतही नाही. असा प्रकल्प प्रदर्शन संपल्यावर माळ्यावर जातो.

त्याऐवजी मुलाला एक काचेची बरणी, आपल्याच खाचरातील माती आणि विहिरीचे पाणी द्यावे. खर्च अगदी थोडा येतो. योग्य रीतीने भरलेली बरणी ही खरी, जिवंत आणि लहानशी परिसंस्था असते. अशा तीन बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर आपण दर पावसाळ्यात भाताला फेकून देतो त्या युरियाचे पुढे काय होते, हा प्रश्न घरातच तपासता येतो. म्हणून हा प्रकल्प मुलाइतकाच आपलाही आहे.

परिसंस्था म्हणजे काय?

'परिसंस्था' या अर्थाचा इंग्रजी शब्द ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी १९३५ साली प्रथम छापील लेखात वापरला. एखाद्या जागेतील सजीव आणि त्यांच्या भोवतालची माती, पाणी, हवा, ऊन हे सर्व मिळून एक घडी बसलेली असते, ती सुटी सुटी करून समजत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

आपल्याला यासाठी दूर जाण्याची गरज नाही. भाताचे खाचर हे परिसंस्थेचे उत्तम उदाहरण आहे. भात, तण आणि शेवाळ उन्हाच्या साहाय्याने अन्न तयार करतात, म्हणून ते उत्पादक. शेवाळावर पाण्यातील बारीक किडे आणि गोगलगाई जगतात. त्यांना जूनमध्ये पऱ्यातून वर येणारे चढणीचे मासे आणि बेडूक खातात. बेडकाला बगळा किंवा साप खातो. हे सर्व भक्षक. मेलेले पान, मेलेला किडा, शेण यांचे मातीत रूपांतर करणारे जिवाणू आणि बुरशी हे विघटक. विघटक नसतील तर अन्नद्रव्ये मेलेल्या पदार्थांतच अडकून पडतील आणि उत्पादकांची वाढ थांबेल. बरणीत हीच तीन माणसांची कामे तीन लहान जीवांकडून करून घ्यायची असतात.

काचेमागचा इतिहास

१८२९ साली लंडनमधील डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी एका पतंगाचा कोष ओल्या मातीसह झाकणाच्या बाटलीत ठेवला होता. काही दिवसांनी त्यांना मातीतून नेचाचे व गवताचे कोंब आलेले दिसले. दिवसा मातीतील पाण्याची वाफ होऊन ती काचेवर जमत होती आणि थेंब होऊन पुन्हा मातीत उतरत होती. वरून पाणी न घालता रोपे जगत होती. यातूनच काचबंद पेट्या तयार झाल्या आणि त्यांतून जहाजावर रोपे नेता येऊ लागली. १८४८ नंतरच्या काही वर्षांत रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांसाठी चहाची हजारो रोपे अशाच पेट्यांतून आणली.

१८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात सोनेरी मासे आणि पाणवनस्पती ठेवल्या. काही दिवसांत सडणाऱ्या पानांमुळे पाणी गढूळ झाले. मग त्याने गोगलगाई सोडल्या. त्यांनी सडकी पाने आणि शेवाळ खाल्ले व पाणी पुन्हा निवळले. घडी जमवण्यासाठी वनस्पती आणि मासे पुरेसे नव्हते, सफाई करणारा तिसरा भिडू लागला.

सर्वांत मोठी 'बरणी' अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात बांधली गेली. सुमारे सव्वा हेक्टरच्या काचबंद इमारतीत १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षे आठ माणसे राहिली. आत शेती होती, झाडे होती, लहानसा समुद्रही होता. तरीही सुमारे सोळा महिन्यांत हवेतील प्राणवायू २१ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांच्या आसपास उतरला आणि बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. कारण काय? पिके जोमाने यावीत म्हणून मातीत सेंद्रिय पदार्थ भरपूर घातला होता. तो कुजवताना जिवाणूंनी प्राणवायू वापरला आणि त्यातून निघालेला कर्बवायू नव्या काँक्रीटने शोषून घेतला. बरणी भरताना हे उदाहरण आठवावे. आपल्याकडील बहुतेक बरण्या बिघडतात त्या "थोडे शेणखत जास्त घालू" या चांगल्या हेतूनेच.

लागणारे साहित्य

१. सारख्या आकाराच्या, रुंद तोंडाच्या, पारदर्शक ५ लिटरच्या तीन बरण्या. दुकानातील गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या चालतील. लोणच्याची किंवा तेलाची असेल तर गरम पाण्याने स्वच्छ धुवावी. साबणाचा अंश राहू देऊ नये.

२. एकाच खाचरातील वरच्या १० ते १५ सेंमी थरातील माती. नुकतेच खत किंवा कीटकनाशक दिलेली जागा टाळावी.

३. विहिरीचे पाणी. नळाचे असल्यास पसरट भांड्यात एक दिवस उघडे ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन निघून जाते.

४. पाण्याखाली वाढणारी हायड्रिला ही वनस्पती. गावाकडे तिलाही शेवाळच म्हणतात. तळ्यात किंवा पऱ्याच्या कोंडीत ती सहज सापडते. बोटभर लांबीच्या सहा-सहा फांद्या प्रत्येक बरणीसाठी घ्याव्यात.

५. तळ्यातील लहान गोगलगाई, प्रत्येक बरणीत तीन.

६. तळ्याचे एक पेलाभर पाणी. त्यात टाचणीच्या डोक्याएवढे, टुणटुण उड्या मारणारे किडे आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात.

७. पातळ सुती कापड, दोरा, काळा कागद, सामू तपासण्याची पट्टी आणि एक वही.

मासे सोडू नयेत. ५ लिटरच्या बरणीत माशाला प्राणवायू पुरत नाही आणि मुलासमोर तो तडफडून मरतो. एवढी किंमत देऊन शिकण्यासारखे त्यात काही नाही.

पाणी व गोगलगाई आणताना मोठे माणूस बरोबर असावे. कोकणात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पायाला किंवा हाताला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये, गमबूट वापरावेत आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

बरणी भरण्याची कृती

माती दोन दिवस बादलीत भिजत घालावी. त्यातील काडीकचरा, मुळे व दगड काढून टाकावेत आणि चिखलणी करतो तशी हाताने मळून घ्यावी. सर्व बरण्यांची माती एकाच बादलीत एकजीव करावी, नाहीतर पुढे दिसणारा फरक मातीचा की खताचा हे कळणार नाही.

प्रत्येक बरणीत १० सेंमी उंचीचा चिखलाचा थर भरावा. त्यावर वाळू घालू नये. आपल्या खाचरात ती नसते. चिखलावर केळीच्या पानाचा तुकडा ठेवून त्यावर हळूहळू पाणी ओतावे, म्हणजे माती उसळत नाही. पाण्याची उंची १२ सेंमी ठेवावी आणि वर थोडी हवेची जागा सोडावी. चिखलाच्या उंचीएवढा काळा कागद बाहेरून गुंडाळावा. मातीला बाजूने ऊन मिळत नाही, तसेच बरणीतही मिळू नये.

तीन-चार दिवसांत पाणी निवळते. मग हायड्रिलाच्या फांद्या काडीने चिखलात खोचाव्यात आणि तळ्याचे पाणी तिन्ही बरण्यांत सारखे वाटून घालावे. आणखी आठवड्याने गोगलगाई सोडाव्यात. तोंडाला पातळ कापड घट्ट बांधावे. हे कापड विसरू नये. उघड्या बरणीत डास अंडी घालतात आणि प्रकल्पातून घरात डेंग्यू यायला नको.

बरण्या पूर्वेकडच्या पडवीत किंवा खिडकीत, सकाळचे कोवळे ऊन दोन-तीन तास मिळेल अशा जागी ठेवाव्यात. दुपारच्या उन्हात पाणी तापून सर्व जीव मरतात. तिन्ही बरण्यांना सारखेच ऊन मिळावे म्हणून दर दोन दिवसांनी त्यांच्या जागा बदलाव्यात.

पहिले दोन आठवडे फक्त पाहावे. सकाळी ऊन आल्यावर हायड्रिलाच्या पानांवर बारीक बुडबुडे दिसतात, तो प्राणवायू. काळा कागद क्षणभर बाजूला करून चिखलाकडे पाहावे. वरचा काही मिलिमीटरचा थर तांबूस राहतो, तर खालचा हळूहळू करडा होत जातो. पाण्यातून झिरपणारा प्राणवायू वरच्या पातळ थरापर्यंतच पोहोचतो. खाली तो संपलेला असतो आणि तेथे प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू काम करतात. भरलेल्या खाचरात हेच दोन थर असतात, फक्त आपण ते कधी पाहिलेले नसतात. पुढच्या चाचणीचा सारा खुलासा या दोन थरांत आहे.

खताची चाचणी

आता मुलाला गणित करायला द्यावे. भाताला हेक्टरी १०० किलो नत्र द्यायचे आणि त्यातील ४० टक्के पहिल्या हप्त्यात द्यायचे असे धरू. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे ४० किलो नत्रासाठी सुमारे ८७ किलो युरिया, अर्थात दर चौरस मीटरला ८.७ ग्रॅम. बरणीचा आतील व्यास १५ सेंमी असेल तर तिचे क्षेत्र सुमारे १७७ चौ. सेंमी होते. या क्षेत्राला ०.१५ ग्रॅम युरिया पुरतो. चिमटीत मावणारे हे खत पाहून मुलाला नवल वाटेल, पण खाचराच्या प्रमाणात ते तेवढेच आहे.

०.१५ ग्रॅम वजन करणे अवघड असते. शाळेच्या प्रयोगशाळेतील तराजूवर १.५ ग्रॅम युरिया मोजावा, बारीक करावा आणि कागदावर त्याचे दहा सारखे भाग करावेत. एक भाग म्हणजे एका बरणीचे खत.

कोणत्या बरणीला काय द्यायचे हे चिठ्ठी टाकून ठरवावे. जी बरणी चांगली दिसते तिलाच आवडते खत देण्याचा मोह मोठ्या माणसांनाही होतो.

बरणी 'अ' : खत नाही. ही तुलनेसाठी.

बरणी 'ब' : एक भाग युरिया थोड्या पाण्यात विरघळवून बरणीतील पाण्यात ओतावा. हे फेकून दिलेले खत.

बरणी 'क' : एक भाग युरिया ओल्या मातीच्या वाटाण्याएवढ्या गोळीत गुंडाळून, लगेच पेन्सिलीने चिखलात ७ सेंमी खोल दाबावा आणि वरचे छिद्र चिखलाने बंद करावे. हे खोचून दिलेले खत.

'अ' आणि 'ब' मध्येही नुसत्या मातीची तशीच एक गोळी तेवढ्याच खोलीवर दाबावी. म्हणजे चिखल ढवळला गेल्याचा परिणाम तिन्हींत सारखा राहील.

वर्गातील आणखी दोघांनी असाच संच केला तर फार चांगले. एका बरणीवरून काढलेला निष्कर्ष कच्चा असतो, तीन-तीन बरण्यांनी एकच गोष्ट सांगितली तर त्यावर भरवसा ठेवता येतो.

नोंदी कशा ठेवाव्यात?

रोज सकाळी ७ आणि दुपारी ३ वाजता पुढील नोंदी कराव्यात.

पाण्याचा सामू : पट्टी बुडवून रंग मिळवावा.

पाण्याची स्वच्छता : बरणीमागे वर्तमानपत्र धरावे. बारीक मजकूर वाचता आला तर ३ गुण, उपमथळा वाचता आला तर २, फक्त मोठा मथळा वाचता आला तर १ आणि काहीच वाचता आले नाही तर ०.

गोगलगाईंची जागा : तळाशी, वनस्पतीवर की पाण्याच्या वर काचेवर.

बुडबुडे, वास आणि पाण्याची पातळी : जे दिसेल ते शब्दांत. पातळी उतरल्यास विहिरीचे तेवढेच पाणी घालावे आणि तसे लिहावे.

शोभिवंत माशांच्या दुकानात पाण्यातील अमोनिया तपासण्याचा लहान संच मिळतो. शाळेने तो एकदा आणला तर अनेक मुलांना पुरतो आणि प्रकल्पाला आकड्यांचा आधार मिळतो.

एखाद्या बरणीत गोगलगाई सतत पाण्याबाहेर काचेवर चढून बसू लागल्या, तर पाणी त्यांना मानवत नाही असे समजावे. त्यांना काढून स्वच्छ पाण्यात सोडावे आणि ती तारीख नोंदवावी. ही नोंद हाच निकाल आहे, त्यासाठी त्या मरण्याची वाट पाहू नये.

काय दिसेल आणि का?

'अ' मध्ये साधारणपणे पाणी स्वच्छ राहते. सामू दुपारी थोडा चढतो आणि सकाळपर्यंत उतरतो. दिवसा वनस्पती पाण्यातील कर्बवायू घेतात म्हणून सामू वाढतो. रात्री सर्व जीव श्वासावाटे कर्बवायू सोडतात म्हणून तो कमी होतो. बरणीचा हा रोजचा श्वासोच्छ्वास आहे.

'ब' मध्ये युरिया पाण्यात आणि मातीच्या पृष्ठभागावर राहतो. युरिएज या विकरामुळे थोड्या दिवसांत त्याचे अमोनियम स्वरूपात रूपांतर होते. हे शेवाळाला आयते अन्न मिळते, पाणी हिरवट होऊ लागते. शेवाळ वाढले की दुपारचा सामू आणखी चढतो. सामू ९ च्या आसपास गेला की पाण्यातील अमोनियमचा मोठा भाग अमोनिया वायूच्या रूपात येतो. तो हवेत उडून जातो आणि पाण्यात असेपर्यंत गोगलगाईंना व माशांना विषारी ठरतो. शिवाय वरच्या तांबूस थरात काही अमोनियमचे नायट्रेट बनते. ते खालच्या करड्या थरात झिरपले की तेथील जिवाणू त्याचे नत्र वायूत रूपांतर करतात आणि तोही उडून जातो. म्हणजे वरून दिलेल्या युरियाला निघून जाण्याच्या दोन वाटा तेथेच तयार असतात.

'क' मध्ये युरिया थेट करड्या थरात गेलेला असतो. तेथे प्राणवायू नसल्याने अमोनियमचे नायट्रेट होत नाही. अमोनियम मातीच्या कणांना चिकटून राहते आणि वर फार सावकाश येते. त्यामुळे या बरणीतील पाणी 'ब' पेक्षा 'अ' च्या जवळ राहणे अपेक्षित आहे.

दोन्ही बरण्यांत खत एकच, वजन एकच, मातीही एकच. फरक फक्त सात सेंटिमीटरचा.

निकाल अगदी असाच येईल असे नाही. शेवाळाला नत्राबरोबर स्फुरदही लागते. आपल्या जांभ्या मातीत लोह व अॅल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. पाणी भरून राहिल्यावर लोहाला बांधलेला काही स्फुरद सुटतो, पण तो किती सुटेल हे मातीवर अवलंबून असते. म्हणून एखाद्या गावच्या मातीत 'ब' चे पाणी फारसे हिरवे होणार नाही. तसे झाले तर तसेच लिहावे. शिक्षकांना किंवा परीक्षकांना बरे वाटावे म्हणून नोंद बदलू नये आणि पालकांनीही ती बदलायला सांगू नये. वेगळा आलेला निकाल हा पुढच्या प्रकल्पाचा प्रश्न असतो.

बरणी आणि खाचर यांतील फरक

बरणी म्हणजे खाचर नव्हे, हेही मुलाला सांगता आले पाहिजे. परीक्षक हाच प्रश्न विचारतात.

पहिला फरक असा की बरणीत भात नाही. खाचरात मुळे खोल थरातील नत्र उचलतात, म्हणून खोचलेल्या खताचा खरा फायदा तेथेच दिसतो. दुसरा फरक पाण्याचा. बरणीत ते १२ सेंमी आहे, खाचरात अनेकदा ५ सेंमीच असते. तेव्हा फेकलेल्या युरियाचे द्रावण खाचरात बरणीपेक्षा दुपटीहून अधिक तीव्र असते.

तिसरा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे. बरणीला काच आहे, खाचराला फक्त बांध आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिमीपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. आपली खाचरे उतारावर पायऱ्यांसारखी आहेत. वरच्या खाचराचे पाणी खालच्यात, तेथून पऱ्यात, पऱ्यातून काजळी, शास्त्री किंवा वाशिष्ठी नदीत आणि शेवटी खाडीत जाते. युरिया फेकल्यावर रात्री मोठी सर आली तर त्यातला बराचसा सकाळपर्यंत बांधाबाहेर गेलेला असतो. वरच्या शेतकऱ्याने पैसे मोजले, पण खत खालच्याच्या तणाला किंवा पऱ्याच्या शेवाळाला मिळाले. बरणीतून काहीच बाहेर जात नाही, म्हणून तेथे चूक डोळ्यांसमोर राहते. शेतातील चूक वाहून जाते, म्हणून ती आपल्याला दिसत नाही.

भाताला वरून दिलेल्या नत्रापैकी साधारण ३० ते ४० टक्केच पिकाला मिळते, ते या सर्व कारणांमुळे. २०१५ पासून देशात युरियाला निंबोळी तेलाचे आवरण सक्तीचे झाले आहे. त्यामुळे अमोनियमचे नायट्रेट होण्याची क्रिया मंदावते. पण युरिया पाण्यात विरघळणे किंवा पाण्याबरोबर वाहून जाणे त्याने थांबत नाही.

बरणी बिघडली तर

कुजकट वास आला आणि पाणी काळपट झाले, तर मातीत काडीकचरा किंवा शेणखत जास्त झाले आहे. बरणी रिकामी करून माती पुन्हा गाळून भरावी.

खत देण्यापूर्वीच तिन्ही बरण्या हिरव्या झाल्या, तर ऊन जास्त आहे. बरण्या सावलीकडे सरकवाव्यात आणि पाणी निवळल्यावरच चाचणी सुरू करावी.

हायड्रिला पिवळी पडून गळू लागली, तर उजेड कमी आहे. गळालेला भाग लगेच काढावा.

निवळलेले पाणी एकाच बरणीत पुन्हा पुन्हा गढूळ होत असेल, तर गोगलगाई जास्त झाल्या असाव्यात. त्यांची अंडी पानांखाली जेलीसारखी चिकटलेली असतात. तिन्ही बरण्यांत संख्या सारखी करून घ्यावी.

प्रकल्प संपल्यावर 'ब' चे पाणी विहिरीजवळ किंवा पऱ्यात ओतू नये. ते परसातील नारळाच्या आळ्यात घालावे. गोगलगाई आणि हायड्रिला जेथून आणल्या तेथेच सोडाव्यात.

शेतात काय करावे?

बरणीने दाखवलेली गोष्ट कोकणातील भात शेतकऱ्याला अगदी नवी नाही. चारसूत्री भात लागवडीतील एक सूत्र नेमके हेच सांगते. या पद्धतीत रोपे २५ सेंमी आणि १५ सेंमी अशा आलटून-पालटून अंतरावर, दोरी धरून लावतात. १५ सेंमी बाजू असलेल्या चार चुडांच्या प्रत्येक चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंमी खोल खोचतात.

याचाही हिशेब मुलाकडून करून घ्यावा. २५ आणि १५ मिळून ४० सेंमी. म्हणजे दर ४० बाय ४० सेंमीला एक गोळी. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, वजन सुमारे १७० किलो. गोळीत युरिया व डीएपी ६०:४० प्रमाणात असतात, त्यातून हेक्टरी सुमारे ५८ किलो नत्र आणि ३१ किलो स्फुरद मिळते. नत्र शंभराऐवजी अठ्ठावन्न किलो. कारण देण्याची जागा बदलल्याने वाया जाणारे कमी झाले.

गोळ्या खोचायला मजूर जास्त लागतात, ही अडचण खरी आहे. ज्यांना सर्व क्षेत्रावर ते शक्य नाही त्यांनी निदान एवढे करावे. पहिला हप्ता उभ्या पाण्यावर न फेकता, पाणी कमी करून शेवटच्या चिखलणीच्या वेळी मातीत मिसळून द्यावा. जोराच्या पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी खत देऊ नये. खत दिल्यावर दोन-चार दिवस वरच्या खाचराचे तोंड बांधून ठेवावे. गिरिपुष्पाचा पाला चिखलणीत गाडावा. आपल्या जांभ्या मातीची अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची ताकद कमी असते, ती सेंद्रिय पदार्थाने वाढते. मात्र पाला गाडल्यावर लावणीपूर्वी तो कुजायला काही दिवस द्यावेत, नाहीतर बरणीत होते तसेच खाचरातही होते.

यंदा तीन बरण्या पडवीत मांडल्यावर रोज दुपारी ३ वाजता आपणही मुलाबरोबर पाच मिनिटे त्यांच्यासमोर बसावे. मुलाला प्रदर्शनात बक्षीस मिळेल किंवा मिळणार नाही. पण पुढच्या आषाढात युरियाची पाटी घेऊन आपण बांधावर उभे राहू, तेव्हा मुलगाच विचारील, "बाबा, 'ब' करताय की 'क'?" त्या प्रश्नाचे उत्तर तोपर्यंत आपल्याकडे तयार असावे.